वस्तादांना उलट उत्तर

कांचन चौगुलेने नवऱ्याला आपली एक किडनी दिली, तेव्हा पाहुण्यारावळ्यांनी तिला सावित्री ठरवून टाकलं. दवाखान्यात भेटायला येणारी प्रत्येक बाई आधी तिच्या पाया पडायची आणि मग शहाळं ठेवायची. कांचन कोल्हापुरातल्या एका शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळणारी बाई. कौतुकाने हुरळून जायचं तिचं वय सरलं होतं. "सावित्रीचं एक बरं होतं," ती म्हणायची. "नवरा परत आणला की काम संपलं. सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्या म्हणून त्याच्या मागं लागायला नको."

लोक हसायचे. तिला स्वतःला मात्र हसू येत नसे. घरी सोडताना डॉक्टर तरन्नुम बागवान यांनी दोघांना समोर बसवून जे समजावलं होतं, ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"मानसिंगराव, तुम्ही साखर कारखान्याच्या गेटवर होता ना?" डॉक्टरांनी विचारलं होतं. "अनोळखी माणूस आत सोडायचा नाही, हेच तुमचं काम. तुमच्या रक्तातल्या पेशीही तेच करतात. बाईंची किडनी त्यांच्या लेखी अनोळखी. ही गोळी त्या राखणदाराला डुलकी आणते. गोळी चुकली, की तो जागा होतो आणि किडनीवर तुटून पडतो."

"आणि जास्त झाली तर?" कांचनने विचारलं. शिक्षिकेची खोड.

"तर आणखी वाईट. हेच औषध जास्त प्रमाणात किडनीलाच विष आहे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधून चालायचं. आयुष्यभर."

मानसिंग नुसतं "हूं" म्हणाला. एकेकाळचा पैलवान गडी, आता अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. गुडघ्याच्या दुखण्यावर त्याने वर्षानुवर्षं वेदना मारणाऱ्या गोळ्या चण्याफुटाण्यासारख्या खाल्ल्या होत्या. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही, आणि त्यातच दोन्ही किडन्या गेल्या. नको त्या गोळ्या न सांगता खाणाऱ्या या माणसाला आता हव्या त्या गोळ्या सांगूनही खायच्या नव्हत्या. "बरं वाटालंय की आता मला," तो म्हणायचा. "बऱ्या माणसानं औषध कशाला खायचं?"

अशा माणसांसाठीच त्या काळात 'सोबत' नावाची यंत्रणा निघाली होती. मोठं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये दवाखाना ती बसवून द्यायचा. गोळीच्या आत तिळाहून बारीक असा एक खाण्याजोगा कण असे. पोटातलं आम्ल लागलं की तो जागा व्हायचा आणि विजेची अगदी हलकी खूण सोडायचा. पोटावर चिकटवलेली पट्टी ती खूण टिपायची आणि मोबाईलला कळवायची. कळलं की मोबाईलवर हिरवा दिवा. नाही कळलं, तर मोबाईल बोलायला लागायचा. ज्याच्या आवाजात बोलल्यावर रोगी ऐकेल, त्याच्या आवाजात.

सुरुवातीला एका गोड गळ्याच्या बाईचा आवाज होता. मानसिंगने मोबाईल उशीखाली सारला. मग बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलीचा, ऋतुजाचा आवाज लावला. पहिले काही दिवस तो "हो बाळा, घेतो" म्हणत उठायचा. नंतर नुसतं "हो बाळा" उरलं. शेवटी कांचनचा आवाज लावला, आणि मग तर बोजवाराच उडाला. "अहो, गोळी घेतली का?" मोबाईल म्हणायचा. "घेतो गं, किती डोकं खाशील," मानसिंग पेपरातून मान वर न काढता म्हणायचा. खरी कांचन समोर उभी राहून ओरडली तरी उत्तर तेच. दिवा लाल तो लालच.

पुढच्या तपासणीला गेल्यावर 'सोबत'च्या कक्षातल्या तरुणाने पडद्यावरची रेघ तिला दाखवली. "मॅडम, तुमच्या आवाजाला सगळ्यांत कमी प्रतिसाद आहे. पहिल्या परक्या बाईपेक्षाही कमी."

"का पण?"

"पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही, बघा. रोज येणारा आवाज, ज्याने काही बिघडत नाही आणि नवीन काही मिळत नाही, तो मेंदू कानाच्या दारातच गाळून टाकतो. नाहीतर माणूस वेडा होईल. यात प्रेमाबिमाचा काही संबंध नाही, मॅडम."

तो बिचारा सांत्वनासाठीच म्हणाला होता. पण कांचनला ते लागलं. चाळीस पोरं जिच्या एका नजरेने चिडीचूप होतात, ती बाई स्वतःच्या घरात पिठाची गिरणी होती.

'सोबत' मात्र हार मानणाऱ्यांतली नव्हती. मानसिंगच्या मनगटावरच्या पट्ट्यातून ती त्याच्या नाडीवर सतत कान ठेवून असायची. दुपारभर तो जुन्या कुस्त्यांच्या चित्रफिती बघत पडायचा. एकदा त्याच्याच एका जुन्या कुस्तीत, हलगीच्या कडकडाटातून, आखाड्याच्या कडेने कुणीतरी ओरडलं, "मान्या, पट काढ!" पलंगावर लोळणारा मानसिंग ताठ बसला. नाडी उसळली. 'सोबत'ने तो आवाज हलगीतून वेगळा करून कांचनच्या मोबाईलवर पाठवला आणि खाली विचारलं: या आवाजाला रोग्याचा प्रतिसाद असाधारण आहे. ही व्यक्ती कोण?

कांचनने आवाज ऐकला. तिला ओळखायला वेळ लागला नाही.

ते पिराजी वस्ताद होते. खणीवरच्या तालमीत त्यांनी मानसिंगला मिसरूड फुटायच्या आधीपासून घडवला होता. मग कांचनचं स्थळ आलं. तिच्या वडिलांनी अट घातली, आधी नोकरी आणि मग मुलगी. मानसिंगने लंगोट खुंटीला लावला आणि कारखान्याच्या गेटवर उभा राहिला. वस्ताद त्याला एवढंच म्हणाले, "सासऱ्याचं ऐकलंस. आता माजा शबूद तुज्या कानावर पडायचा न्हाई." आणि खरंच पडला नाही. लग्नाला ते आले नाहीत, रस्त्यात भेटले तर तोंड फिरवलं, आणि पुढे तालीम सोडून गावी निघून गेले. तेव्हा कांचनला आपण जिंकलो असं वाटलं होतं. तिने ते कधी कुणाला सांगितलं नाही, पण वाटलं होतं खरं.

जिवंत माणसाचा आवाज त्याच्या तोंडी संमतीशिवाय वापरता येणार नाही, असा कायदा झाला होता. तेव्हा एका रविवारी कांचन एसटीने हसूरवाडीला गेली.

वस्ताद गोठ्याशेजारच्या खोलीत बाजेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचं वय, दुमडलेले कान, पण मान अजून खांद्यात घट्ट बसवलेली. सुनेने नाव सांगितलं तसं त्यांनी कांचनला नीट निरखलं.

"तूच व्हय ती," ते म्हणाले.

"मीच ती," कांचन म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं. ऑपरेशन, गोळ्या, लाल दिवा. आवाजाचं सांगताना तिची जीभ जड झाली. "ते कुणाचंच ऐकेनात, वस्ताद. माझंही नाही."

"आन् माजं ऐकंल?"

"तुमचंच ऐकतील."

बाहेर म्हैस हंबरली तशी सून उठून गेली. "म्या त्याला बोलायचा बंद झालो," वस्ताद म्हणाले, "पर त्येच्याशिवाय दुसरा तसा पठ्ठ्या मला गावला न्हाई. त्येला जगीव, पोरी. काय बोलू सांग त्या डबड्यात."

तिने मोबाईल पुढे धरला. 'सोबत'ला नमुना म्हणून काही वाक्यं हवी होती. तेवढ्यावरून पुढची सगळी वाक्यं ती स्वतः जुळवणार होती. वस्तादांनी घसा खाकरला आणि खोली दणाणून सोडली. "मान्या! गोळी घे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हेच वाक्य चौगुल्यांच्या घरात दुमदुमलं. पलंगावरून उठायला ज्याला दोन हातांचा आधार लागायचा, तो मानसिंग एका दमात उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते. मोबाईल म्हणजे वस्ताद नव्हेत, हे कळायला तो काही खुळा नव्हता. कांचनने त्याला सगळं आधीच सांगितलंही होतं. तरी त्याने मोबाईलला हात जोडले, गोळी घेतली, घटाघटा पाणी प्यायला. दिवा हिरवा झाला.

"वस्ताद बोलले गं," तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला. "इतक्या वर्सांनी बोलले माज्याशी."

कांचनने मान हलवली आणि पोळपाटाकडे वळली. तिला रडू आलं. नवरा वाचला म्हणून आलं, आणि किडनी आपली असून हुकूम दुसऱ्याचा चालतो म्हणूनही आलं. दोन्ही खरं होतं. पोळी मात्र करपली.

त्यानंतर मानसिंग बदलला. पहाटे उठू लागला. अंगाला बदामाचं तेल चोळून चोळून जिरवू लागला. डॉक्टरांनी परवानगी दिली तेवढं चालायचं आणि हातपाय हलवायचे, मग आंघोळ, मग देवपूजा. चहा सोडला. बोलणंही कमी केलं, कारण तालमीत बडबड करायची नसते. हिरवे दिवे एकामागोमाग लागत गेले. 'सोबत'ने अभिनंदनाचा निरोप धाडला. इतका शिस्तीचा रोगी म्हटल्यावर दवाखान्याने रक्ततपासणीही लांबवली. शेजारच्या बायका म्हणाल्या, कांचनताई, तुमच्या मालकांनी कात टाकली की हो.

कांचन हसून साजरं करायची. पण आत कुठेतरी ती दुखावली होती, आणि दुखावलेली माणसं करतात तेच तिने केलं. अंग काढून घेतलं. गोळ्यांचा डबा स्वयंपाकघरातून उचलून त्याच्या कपाटात ठेवला. "घ्या, सांभाळा तुम्ही आणि तुमचे वस्ताद," म्हणाली. घरात पुढच्या कित्येक आठवड्यांच्या गोळ्या भरलेल्या होत्या. त्यांकडे तिने पुन्हा ढुंकून पाहिलं नाही. सकाळी तो आवाज सुरू झाला की ती मुद्दाम नळ सोडायची. शाळेत स्नेहसंमेलन होतं, तिने त्यात डोकं घातलं.

मग एक दिवस भाकरीचा तुकडा तोंडाशी नेताना त्याचा हात थरथरला.

"हात का हो हलतोय?"

"काय न्हाई."

पुढे पाय सुजले. डोकं दुखतंय का विचारलं तरी "काय न्हाई." एका सुट्टीच्या सकाळी आमटीची वाटी त्याच्या हातातून निसटली आणि तो भिंत धरून खाली बसला. तोंड राखेच्या रंगाचं झालं होतं. कांचनने रिक्षा बोलावली.

डॉक्टर बागवान यांनी रक्ताचा अहवाल पुन्हा पुन्हा वाचला. रक्तात औषध हवं त्याच्या कितीतरी पट होतं. "मानसिंगराव, गोळ्या किती घेता?"

"सांगत्यात तेवढ्या."

"कोण सांगतं?"

"वस्ताद."

मग धागा उलगडत गेला. 'सोबत'च्या तरुणाने मोबाईल उघडून पाहिला, पोटावरची पट्टी सोडवली, बोटांवर तेल आलं ते हुंगलं. तेलाने पट्टीची कडा सुटत होती. सकाळी घेतलेल्या गोळीची खूण तिला लागतच नव्हती. गोळी पोचली नाही असं समजून 'सोबत' थोड्या वेळाने वस्तादांच्या आवाजात विचारायची, "मान्या, गोळी घेतलीस का?" तो दुसरी घ्यायचा. तोवर आंघोळ झालेली असायची, पट्टी पुन्हा धरायची, दिवा हिरवा. कधी कधी आंघोळीला उशीर व्हायचा, मग तिसरी. दिवा शेवटी हिरवाच.

"पण पट्टी चुकू शकते हे आम्हाला ठाऊक होतं," तो तरुण रडवेला होऊन म्हणाला. "म्हणूनच तिथं हुकूम नाही ठेवला, प्रश्न ठेवलाय. घेतलीस का? घेतली असेल तर माणूस सांगेलच ना, की घेतली. तोंडाने म्हटलं की पुरे. लाखभर माणसं म्हणतात तसं. शिव्या घालून म्हणतात. काका, तुम्ही का नाही म्हणालात?"

मानसिंगने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होता, या पोराला कुणी वळण लावलंय की नाही. "तालमीत वस्तादांनी इच्यारलं, जोर झाले का, तर कोन 'झाले' म्हणत न्हाई," तो म्हणाला. "इच्यारलं म्हंजे कमी पडले. गप परत जोर काढाया लागायचं."

कांचनच्या ध्यानात आलं. तिच्या आवाजाला तो म्हणाला असता, घेतली गं, डोकं खाऊ नको. रोज म्हणाला असता. हजारदा असंच उलट बोलला होता. ज्या उलट उत्तरापायी यंत्राने तिला नापास केलं होतं, त्याच उलट उत्तराने तिची किडनी वाचली असती. आणि ती तर नळ सोडून बसली होती.

"किडनीचा काही भाग कायमचा गेलाय," डॉक्टर तिला बाहेर घेऊन म्हणाल्या. "उरलाय तो थोडा आहे. गोळी अगदी नेमकी गेली तर काही वर्षं निघतील. नाहीतर पुन्हा डायलिसिस. आणि खरं सांगते, दुसरी किडनी त्यांना मिळणं कठीण आहे."

"पट्टी नीट चिकटवू की. तेल बंद करू."

"करूच. पण तो आवाज असा चालू ठेवता येणार नाही. आज पट्टी चुकली, उद्या दुसरं काहीतरी चुकेल. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्यावर आम्ही यंत्र सोडत नाही. आता सोडत नाही." डॉक्टरांची मान खाली गेली. "त्यांनी एकदा जरी त्या आवाजाला तोंडाने उत्तर दिलं, तर मी तो पुन्हा सुरू करून देईन."

तिथेच करून पाहिलं. गोळी दिली, गिळल्याची खात्री केली, आणि मग मोबाईलने विचारलं, "मान्या, गोळी घेतलीस का?" मानसिंगचा हात डब्याकडे गेला. "म्हणा, घेतली," कांचन कानाशी कुजबुजली. त्याने ओठ हलवले. कपाळावरची शीर फुगली. हात मात्र डब्यावरच राहिला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. डॉक्टरांनी डबा काढून घेतला आणि आवाज बंद केला.

आवाज बंद झाला आणि मानसिंग आतून विझला. वस्ताद दुसऱ्यांदा आपल्याशी बोलायचे थांबले, एवढंच त्याला कळत होतं. आता कांचन स्वतः समोर उभी राहून गोळी हातावर ठेवायची. तो तोंडात टाकायचा, तिची पाठ वळली की मोरीत थुंकायचा. दिवा लाल. एकदा तिने त्याला मोरीशी वाकलेलं पाहिलं आणि तिचा तोल गेला.

"माझी आहे ती!" ती ओरडली. "माझ्या पोटातनं काढून दिलीय तुम्हाला! माझ्यासाठी एक गोळी गिळवत नाही?"

तो भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो भांडलाही नाही. "कळतंय गं मला सगळं," तो म्हणाला. "पर आतनं कायच उठत न्हाई. त्यांनी बोलायचं बंद केलं आन् सगळंच गप झालं बग."

त्या दिवशी तिने ठरवलं. यंत्र नको, नमुना नको. प्रत्यक्ष वस्तादांनीच एकदा त्याला सांगायचं, की विचारलं तर तोंडाने सांगत जा. उलट बोलायची मुभा द्यायची, बस. मग तोच आवाज पुन्हा लावता येईल, तो ऐकेलही आणि उत्तरही देईल. वस्तादांचा शब्द वस्तादांनीच सोडवायला हवा. तिने हसूरवाडीला फोन लावला.

"या की," सून म्हणाली. "पर वैनी, मामांचं आता खरं न्हाई. परवाच्या झटक्यापास्नं कवा वळखत्यात, कवा न्हाई. तुमच्या मालकास्नी आना, बगू वळखत्यात का."

मानसिंगने पांढरा सदरा घातला, दाढी केली. एसटीत तो खिडकीशी बसून राहिला. गाव जवळ आलं तसे त्याचे हात एकमेकांत गुंतले, आणि कांचनने तिच्याही नकळत त्यावर आपला हात ठेवला. त्याने तो झटकला नाही. तिला आशा वाटली. खूप दिवसांनी वाटली.

वस्ताद बाजेवरच होते, पण अर्धे झालेले. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. मानसिंगने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हाताऱ्याचा बरा हात हवेत चाचपडला, त्याच्या मानेवर आला, खांद्यावरून दंडावर उतरला. बोटं दंड दाबून बघत राहिली.

"मान्या?" वस्ताद म्हणाले.

"व्हय, वस्ताद."

कांचनच्या अंगावर काटा आला. ओळखलं होतं. तिने सुनेकडे पाहिलं, सूनही डोळे पुसत होती. "वस्ताद," कांचन पुढे सरून म्हणाली, "यांना तेवढं एकदा सांगा. कुणी विचारलं तर खरं सांगत जा म्हणून. एवढंच सांगा."

ते तिच्या दिशेने वळलेही नाहीत. तिचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नसावं. त्यांच्या बोटांखाली तो दंड होता. एकेकाळी त्यांनी खुराक घालून भरलेला, आता नुसतं हाड आणि कातडं राहिलेला. म्हाताऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. काहीतरी बिनसलंय, पोरगं नीट तयार झालेलं नाही, एवढं त्यांच्या हाताला कळत होतं. साल कुठलं, वय काय, हे सगळं पुसून गेलं होतं.

"दमलास व्हय रं?" त्यांनी विचारलं.

विचारलं अगदी मायेने. घरातल्या माणसाने विचारावं तसं. एवढा सरळ प्रश्न, आणि उत्तर तर त्या माणसाच्या अंगभर लिहिलेलं. नुसतं हो म्हणायचं होतं. एकदा हो म्हटलं असतं तर गाठ सुटली असती. "व्हय म्हणा," ती पुटपुटली. "अहो, व्हय म्हणा."

मानसिंग उठला. त्याने सदऱ्याची बटणं काढली, सदरा घडी करून बाजेच्या कडेला ठेवला. ओटीपोटाच्या कडेला टाक्यांचा तिरका व्रण दिसत होता. मग तो मागे सरला, सारवलेल्या जमिनीवर दोन्ही तळवे टेकले, पाय मागे घेतले आणि जोर काढायला सुरुवात केली. पहिला कसाबसा निघाला. दुसऱ्याला कोपर लटपटले.

वस्तादांच्या अर्ध्या तोंडावर समाधान पसरलं. ते मान डोलवू लागले.

"होय!" कांचन ओरडली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. "होय, दमलेत ते. लई दमलेत, वस्ताद. मी सांगते तुम्हाला. त्यांच्यात आता काही राहिलेलं नाही. त्यांना बस म्हणा, तुमच्या पाया पडते, बस म्हणा!"

वस्तादांनी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. मग सुनेकडे वळून, पाहुणीचा मान राखावा अशा हलक्या आवाजात विचारलं, "ही बाई कोन?"

गोठ्यात म्हशीच्या गळ्यातली साखळी वाजली. मानसिंग खाली जात होता, वर येत होता. घाम जमिनीवर टपकत होता. कांचन त्याच्या शेजारी मांडी घालून बसली आणि त्याच्या ओल्या पाठीवर तिने हात ठेवला. थांबा, थांबा, असं ती म्हणत राहिली. तिच्या तळव्याखाली ती पाठ थरथरत खाली गेली, आणि थोडा वेळ थांबून पुन्हा वर आली.